मर्यादेयं विराजते

मे महिन्यातल्या एका दुपारी ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर मी प्रतिज्ञापत्रासाठी उभा होतो. आमचे अण्णा, म्हणजे वडील, गेले त्याला आठ महिने झाले होते. त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांवर नाव ‘दत्तात्रय’ आणि नौपाड्यातल्या घराच्या कागदांवर ‘दत्तात्रेय’ असे असल्यामुळे, ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, हे मला शपथेवर सांगायचे होते. टंकलेखकाने दहा मिनिटांत मजकूर काढून दिला आणि तो घेऊन मी शेजारच्या नोटरींपुढे बसलो. सत्तरी ओलांडलेले ते गृहस्थ माझी सही घेतील, गोल शिक्का उमटवतील आणि आपण मोकळे होऊ, असा माझा हिशेब होता. त्यांनी चष्मा पुसला आणि तिन्ही पाने पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. दुसऱ्या पानाच्या मध्यावर त्यांचे बोट थांबले. ‘‘दत्तात्रय आणि दत्तात्रय ही एकच व्यक्ती आहे, असे तुम्ही शपथेवर सांगता आहात. एक मात्रा राहिली आहे. दुरुस्त करून आणा, मग सही करा.’’

मला राग आला, हे कबूल करतो. मजकूर माझा, शपथ माझी, खोटे ठरलो तर शिक्षा मला. यांचे काम शिक्का मारण्याचे. पण टंकलेखकापुढच्या रांगेत पुन्हा उभा राहिलो तेव्हा नाक्यावरचा बाबासाहेबांचा पुतळा दृष्टीस पडला आणि अण्णांच्या तोंडून अनेकदा ऐकलेले बाबासाहेबांचे एक विधान आठवले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा घटना समितीपुढे मांडताना त्यांनी राष्ट्रपतिपदाचे वर्णन केले होते. राष्ट्रपती राज्याचे प्रमुख असतील, कार्यकारी सत्तेचे नव्हेत. ते राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतील, राष्ट्रावर राज्य करणार नाहीत. राष्ट्राचे निर्णय ज्या मुद्रेने जाहीर होतात त्या मुद्रेवरच्या चिन्हासारखे त्यांचे स्थान असेल, असा त्या विधानाचा आशय होता. अण्णा एका सरकारी कार्यालयात अव्वल कारकून होते आणि कार्यालयाचा गोल शिक्का सतरा वर्षे त्यांच्या ताब्यात होता. हे विधान ते स्वतःच्या टेबलाविषयी असल्यासारखे सांगत.

मुद्रेची ही उपमा इतर कुणाला कोरडी वाटेल. मराठी माणसाला ती तशी वाटण्याचे कारण नाही. आपल्या भाषेत निर्णय पक्का झाला, की त्यावर ‘शिक्कामोर्तब’ होते, आणि या जोडशब्दातली दोन्ही पदे खरी आहेत. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर माथ्याशी मुद्रा असे, ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ने सुरू होणारी आणि ‘मुद्रा भद्राय राजते’ असे सांगून संपणारी. आणि पत्राच्या शेवटी लहानसा मोर्तब असे, ‘मर्यादेयं विराजते’. येथे मर्यादा शोभते, येथे मजकूर संपला, याखाली कोणी काही वाढवू नये. अधिकार सांगणारा एक ठसा आणि अधिकाराची सीमा सांगणारा दुसरा, असे दोन्ही उमटल्याशिवाय आज्ञापत्र पुरे होत नसे. भारताच्या राष्ट्रपतिपदाचा गेल्या पंचाहत्तर वर्षांचा इतिहास मी या दोन ठशांच्या मधल्या जागेतच वाचत आलो आहे.

नामधारी सत्ता हीही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. छत्रपती शाहू महाराजांचे १७४९ च्या डिसेंबरात निधन झाले आणि राज्याचा कारभार साताऱ्याहून पुण्याला गेला. तरीही पेशवेपदाची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच यावी लागत. सवाई माधवराव पुरंदरावर जन्मले आणि अवघ्या काही आठवड्यांच्या त्या बाळासाठीसुद्धा वस्त्रे साताऱ्याहूनच आली. बाजीराव पहिल्यांच्या मुद्रेत आधी ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान’ आणि मग ‘बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’ असा क्रम आहे. तलवार प्रधानाची, पण नाव राजाचे. मात्र साताऱ्याच्या पुढच्या छत्रपतींना नकाराचा किंवा प्रश्न विचारण्याचा मार्ग कुणी लेखी ठेवला नव्हता. केवळ वस्त्रे देण्यापुरता उरलेला राजा हळूहळू कैद्यासारखा होतो, हे त्या इतिहासाने दाखवले आहे, आणि घटनाकारांनी लिहिलेल्या राष्ट्रपतिपदाचा वेगळेपणा मला तिथेच दिसतो.

जुलै १९४७ मध्ये पंडित नेहरूंनी घटना समितीत या पदाचे समर्थन केले तेव्हा त्यांनी म्हटले होते, की या पदाला आम्ही खरी सत्ता दिलेली नाही, पण मोठा अधिकार आणि प्रतिष्ठा दिली आहे. प्रौढ मतदानाने राष्ट्रपती निवडला तर तो जनतेचा कौल घेऊन येईल आणि त्याला मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायला सांगणे विसंगत होईल, हा त्यामागचा विचार होता. त्यामुळे निवड खासदार आणि आमदार करतात. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आहे. १९७१ च्या जनगणनेतली राज्याची लोकसंख्या २८८ आमदारांना आणि मग हजाराने भागून ते येते. उत्तर प्रदेशात ते २०८ आहे, सिक्कीममध्ये ७. ठाण्यातल्या मतदाराचे राष्ट्रपतींशी असलेले नाते असे आमदाराच्या हातून आणि भागाकारातून जाते.

पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांना मुद्रेची ही उपमा मनापासून कधी पटली नाही, असे मला वाटते. सप्टेंबर १९५१ मध्ये, हिंदूंच्या विवाह-वारशाच्या कायद्यांत सुधारणा करू पाहणाऱ्या हिंदू संहिता विधेयकाच्या वेळी, संमती देताना आपण स्वतःच्या विवेकाने निर्णय घेऊ इच्छितो, असे त्यांनी नेहरूंना कळवले. नेहरूंनी महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड आणि घटना समितीतले कायदेपंडित अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचे मत घेतले. दोघांनीही सांगितले, की राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत. त्याच महिन्यात ते विधेयक रखडल्यामुळे बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५५ आणि १९५६ मध्ये त्याच सुधारणा चार वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपाने संसदेने संमत केल्या आणि राजेंद्रबाबूंनी चारही कायद्यांवर सही केली. तरी त्यांच्या मनातली शंका गेली नव्हती. नोव्हेंबर १९६० मध्ये दिल्लीत कायद्याच्या एका संस्थेच्या कोनशिला समारंभात त्यांनी पुन्हा सुचवले, की भारताच्या राष्ट्रपतींचे अधिकार इंग्लंडच्या राजापेक्षा कुठे वेगळे आहेत, याचा अभ्यास व्हावा. त्यांचे मत मला मान्य नाही. पण घटनेचे रक्षण करण्याची शपथ घेणाऱ्याला, त्या शपथेपोटी आपण नेमके काय करायचे, हा प्रश्न पडणे मला या पदाच्या इतिहासातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी शमशेर सिंग खटल्यात, राष्ट्रपती आणि राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच अधिकार वापरतात, असे स्पष्ट केले आणि तो वाद कायद्यापुरता मिटला.

मधल्या काळात १९६९ ची निवडणूक झाली. तिच्याविषयी मराठीत फारसे लिहिले जात नाही, याची मला खंत आहे, कारण त्या निवडणुकीतले तिसरे उमेदवार आपले चिंतामणराव देशमुख होते. रायगडाच्या परिसरातल्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे देशमुख. डॉ. झाकीर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले होते. इंदिरा गांधींनी खासदार-आमदारांना विवेकबुद्धीनुसार मत देण्याचे आवाहन केले. आणि स्वतःच्याच पक्षाचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी यांच्याऐवजी अपक्ष व्ही. व्ही. गिरी निवडून आले. पहिल्या पसंतीच्या मतांत कुणालाच विजयासाठी लागणारा ४,१८,१६९ चा कोटा गाठता आला नव्हता. देशमुखांना १,१२,७६९ मूल्याची मते मिळाली होती. दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली आणि गिरी ४,२०,०७७ वर पोहोचून विजयी झाले. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत दुसऱ्या पसंतीपर्यंत मोजणी जाण्याची वेळ तेव्हाच आली. त्याच वर्षी काँग्रेस फुटली. पद शोभेचेच असते, तर त्यासाठी एवढा मोठा पक्ष दुभंगला नसता.

ही लढाई कशासाठी होती, ते सहा वर्षांनी कळले. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या उद्‌घोषणेवर राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी सही केली, तेव्हा मंत्रिमंडळाची बैठक झालेली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता बोलावण्यात आली. पंतप्रधानांच्या पत्रात म्हटले होते, की हा विषय मंत्रिमंडळापुढे नेणे आज रात्री शक्य नाही, म्हणून कामकाज नियमांतल्या बाराव्या नियमानुसार मी त्यातून सूट घेत आहे. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि मला एवढेच आठवते, की अण्णा त्यानंतरचे काही दिवस जेवताना बोलत नसत. पुढे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचे अहवाल आले आणि त्या रात्रीचा क्रम वर्तमानपत्रांत तपशिलाने छापून आला. ते वाचून अण्णा म्हणाले, ‘‘टिपणी नव्हती, नस्ती नव्हती, आणि सही झाली.’’ त्यांच्या जगातला याहून मोठा दोषारोप मला माहीत नाही. राष्ट्रपतींनी त्या रात्री नकार द्यायला हवा होता, असे ते म्हणत नव्हते. मंत्रिमंडळाचा ठराव कुठे आहे, एवढे विचारून कागद सकाळपर्यंत ठेवून घेता आला असता, असे त्यांचे म्हणणे होते. सकाळ व्हायला सहाच तास होते.

आणीबाणीत झालेल्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसारच वागतील, असे चौऱ्याहत्तराव्या अनुच्छेदात थेट लिहून टाकले. मग जनता सरकारच्या काळात, १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने त्याच अनुच्छेदात एक परंतुक घातले: राष्ट्रपती सल्ल्याचा फेरविचार करायला सांगू शकतील, पण फेरविचारानंतर आलेला सल्ला त्यांना मानावा लागेल. आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवला जाणेही तेव्हाच बंधनकारक झाले. हे परंतुक मला फार मोलाचे वाटते, कारण पूर्वी संकेतावर आणि व्यक्तीच्या धाडसावर सोडलेली गोष्ट आता घटनेत अक्षरांनी उतरली: एकदा परत पाठवता येईल. फक्त एकदा.

त्या एकदाचे वजन मला अण्णांच्या टेबलावरून कळले. १९८० च्या दशकात केव्हातरी त्यांच्या साहेबांनी एका दाखल्यावर सही करून तो शिक्क्यासाठी खाली पाठवला. चौकशी अहवाल जोडलेला नव्हता. अण्णांनी शिक्का मारला नाही. कागदाच्या डाव्या समासात, त्यांच्या त्या तिरक्या पण स्वच्छ अक्षरांत, ‘चौकशी अहवाल सोबत नाही. अवलोकनार्थ परत सादर’ असे लिहून, खाली तारीख घालून आद्याक्षरी केली. दोन दिवसांनी कागद ‘सही कायम’ अशा शेऱ्यासह परत आला आणि अण्णांनी मुकाट्याने ड्रॉवर उघडून जांभळ्या शाईच्या पॅडवर शिक्का दाबला. मी तेव्हा महाविद्यालयात होतो. शेवटी शिक्का मारायचाच होता तर परत कशाला पाठवला, असे मी त्यांना तावातावाने विचारले. ‘‘निर्णय साहेबांचा आहे,’’ ते म्हणाले, ‘‘वाचणे माझे आहे.’’ पुढे त्या प्रकरणाची चौकशी झाली तेव्हा नस्तीत ती दीड ओळीची टिपणी सापडली. अहवाल नसल्याचे आपल्या लक्षात आले नव्हते, असे मग कुणालाच म्हणता आले नाही.

के. आर. नारायणन यांनी हेच केले. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस त्यांनी फेरविचारासाठी परत पाठवली आणि गुजराल मंत्रिमंडळाने ती सोडून दिली. सप्टेंबर १९९८ मध्ये बिहारबाबतची वाजपेयी मंत्रिमंडळाची शिफारसही त्यांनी परत पाठवली. १९९९ च्या फेब्रुवारीत ती पुन्हा आली, तेव्हा त्यांनी सही केली. आणि राज्यसभेत बहुमत नसल्याने सरकारलाच ती राजवट पुढच्या महिन्यात मागे घ्यावी लागली. दोन वेगळ्या पक्षांची सरकारे, एकच कसोटी. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत हेच राष्ट्रपती रांगेत उभे राहून मतदान करताना देशाने पाहिले. पदावर असताना सार्वत्रिक निवडणुकीत मत देणारे ते पहिले राष्ट्रपती. आपल्या कार्यपद्धतीची कारणे नारायणन निवेदनांतून लोकांना सांगत, ही त्यांची सवय मला या पदाला लाभलेली मोठी देणगी वाटते.

ग्यानी झैलसिंग यांचा मार्ग वेगळा होता. १९८६ मध्ये संसदेने टपाल कायद्यातल्या दुरुस्तीचे विधेयक संमत केले. त्यातून लोकांची पत्रे अडवून तपासण्याचे व्यापक अधिकार सरकारला मिळणार होते. झैलसिंगांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. संमतीसाठी घटनेने मुदत घातलेली नसल्यामुळे विधेयक त्यांच्या टेबलावरच राहिले आणि त्याचा कायदा कधीच झाला नाही. त्या काळी आमच्या घरी आठवड्याला तीन-चार आंतर्देशीय पत्रे येत. आत्याच्या संसारातल्या गोष्टी, मामाच्या नोकरीची विवंचना, सगळे त्या निळ्या कागदांत असे. ती कुणी परक्याने उघडली नाहीत, याचे थोडे श्रेय त्या न झालेल्या सहीला आहे, म्हणून त्या विधेयकापुरता मी झैलसिंगांचा ऋणी आहे. तरीही कागद न बोलता दाबून ठेवण्यापेक्षा, कारण लिहून परत पाठवणे मला अधिक सरळ वाटते. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाने राज्यपालांना आणि राष्ट्रपतींना विधेयकांसाठी मुदत आखून दिली, राष्ट्रपतींनी त्यावर १४ प्रश्न न्यायालयाला विचारले आणि नोव्हेंबरात पाच न्यायमूर्तींनी, अशी मुदत न्यायालय घालू शकत नाही, असे मत दिले. झैलसिंगांच्या टेबलावरचा तो प्रश्न अजून तसाच आहे.

डॉ. कलाम यांच्या कारकिर्दीत दोन्ही प्रकार दिसतात. लाभाच्या पदांविषयीचे विधेयक त्यांनी २००६ मध्ये परत पाठवले, संसदेने ते तसेच पुन्हा संमत केले आणि त्यांनी सही केली. त्याआधी मे २००५ मध्ये बिहार विधानसभेच्या विसर्जनाचा कागद मात्र त्यांच्याकडे मॉस्कोत रात्री पोहोचला आणि तिथूनच त्यावर सही झाली. ते विसर्जन सर्वोच्च न्यायालयाने पुढे घटनाबाह्य ठरवले. इतक्या सज्जन आणि अभ्यासू माणसाच्या हातूनही रात्रीच्या कागदावर सही होऊन जाते, तेव्हा मला घाई या एकाच गोष्टीची भीती वाटू लागते.

ती घाई महाराष्ट्राने अगदी जवळून पाहिली आहे. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी राज्यातली राष्ट्रपती राजवट पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली. मंत्रिमंडळाची बैठक न घेता, त्याच बाराव्या नियमाचा आधार घेऊन. त्या सकाळी तलावपाळीला फेरी मारून आलेले आम्ही नेहमीचे चौघे-पाच जण चहाच्या टपरीवर उभे होतो आणि एकाच्या मोबाइलवर शपथविधीचे चित्र दिसले. ‘पहाटेचा शपथविधी’ हा शब्द तेव्हापासून मराठीत रुळला. चर्चा साहजिकच पक्षांची आणि आमदारांची झाली. अण्णा तेव्हा हयात होते. घरी आल्यावर मी त्यांना बातमी वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी विचारले, ‘‘बारावा नियम?’’ मी हो म्हटले. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि १९७५ नंतर प्रथमच मला ते तसे गप्प दिसले. २५ जूनच्या रात्रीची आणि या पहाटेची तुलना परिणामांच्या बाबतीत होऊ शकत नाही, हे मला कळते. एकीने देशाचे नागरी स्वातंत्र्य गेले, दुसरीने उभे राहिलेले सरकार चार दिवसांतच पायउतार झाले. पण दोन्ही वेळा कागद न थांबता पुढे गेला.

लोक या पदाला रबरी शिक्का म्हणतात, आणि ठाण्यातल्या जुन्या घरांत याहून नेमका शब्द आहे: ‘मम म्हणणारे’. पूजेत मंत्र गुरुजी म्हणतात, क्रम गुरुजी ठरवतात, यजमानाने पळीभर पाणी सोडून मम म्हणायचे. आमच्या घरच्या गणपतीला अण्णा यजमान असत, आणि संकल्पाच्या वेळी गुरुजी घाईत असले तर ते हात पुढे करत नसत. गुरुजींना थांबवून अर्थ विचारत, अर्थ कळला की पाणी सोडत. गुरुजी कधी कधी वैतागत. पण संकल्प यजमानाच्या नावाने सुटतो, तो नसेल तर पूजा कुणाची, हे त्यांनाही ठाऊक होते.

नौपाड्यातल्या त्या घरात अण्णांच्या कपाटाच्या आतल्या बाजूला वर्तमानपत्रातली दोन कात्रणे चिकटवलेली आहेत. एक २५ जुलै २००७ च्या शपथविधीचे, आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या प्रतिभाताई पाटील पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या तेव्हाचे. त्या निवडणुकीत शिवसेनेने आघाडीची रेषा ओलांडून त्यांना मराठी म्हणून पाठिंबा दिला होता. दुसरे बरोबर पंधरा वर्षांनंतरचे, द्रौपदी मुर्मू यांचे. मयूरभंज जिल्ह्यातल्या एका संथाळ घरात जन्मलेली स्त्री त्या तीनशेचाळीस खोल्यांच्या, व्हाइसरॉयसाठी बांधलेल्या वास्तूत राष्ट्रप्रमुख म्हणून गेली. येऊरच्या पाड्यांतून डोक्यावर रानभाज्यांची पाटी घेऊन ठाण्याच्या बाजारात उतरणाऱ्या आदिवासी बायका अण्णांच्या ओळखीच्या होत्या, त्यांतल्या एकीला त्यांनी ते छायाचित्र मुद्दाम दाखवले होते. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग तिने विचारले, ‘‘ही सही करते?’’

कोर्ट नाक्यावर माझा क्रमांक आला तेव्हा चार वाजत आले होते. टंकलेखकाने दुसऱ्या पानावर मात्रा घातली आणि कागद पुन्हा काढून दिले. नोटरींनी तिन्ही पाने परत पहिल्या ओळीपासून वाचली. दुरुस्त केलेली ओळ तेवढी पाहून त्यांनी भागवले नाही. मग मला विचारले, ‘‘तुम्ही वाचलेत?’’ मी वाचले नव्हते. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला, शिक्क्यावरचा हात काढून घेतला आणि मी दत्तात्रय आणि दत्तात्रेय दोन्ही नावे सावकाश वाचून होईपर्यंत ते थांबून राहिले.